रंगीत चकत्या, पण मापात

कपाखाली ठेवायच्या रंगीत लाकडी चकत्या, म्हणजे कोस्टर, आपल्या बचत गटाला जमण्यासारख्या आहेत. पण रेझिन महाग. माप चुकले की चकती चिकटच राहते आणि पैसे पाण्यात.

चकती पॉलिश पेपरने घासून पुसा. पाण्यात कालवलेला रंग लावला, तर पूर्ण दिवस वाळू द्या. ओलीवर रेझिन नीट धरत नाही. आधी रेझिनचा एक पातळ हात द्या. लाकडाची छिद्रे बुजतात, मग बुडबुडे कमी येतात.

रेझिन आणि हार्डनर डब्यावरच्या मापानेच घ्या. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवू नका. कडा आणि तळ खरवडत सावकाश ढवळा. ओतल्यावर 24 तास सपाट जागी, झाकून ठेवा.

हातमोजे घाला, खिडक्या उघडा, मुलांना लांब ठेवा. अंगाला लागले तर साबणाने धुवा, थिनरने नको.

साधे रेझिन गरम कपाने मऊ पडते. उष्णता सोसणारेच मागा. आठवडाभराने एका चकतीवर गरम चहाचा कप ठेवून बघा. कपाचा गोल उमटला नाही, तरच माल बाजारात न्या.