चपलेचं माप



‘परदेशात मुलं वाढवताना’ हा विषय मला दिला गेला. मी काही बालमानसशास्त्राची जाणकार नाही. पण आपल्या कोकणातल्या किती घरांतून कुणी ना कुणी आखातात आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्यातलेही काहीजण पासपोर्ट काढून बसले असतील. म्हणून माझा अनुभव सांगते. त्यात माझी एक चूकही आहे.

२०१३ ते २०२२ अशी नऊ वर्षं आम्ही शारजात राहिलो. गेलो तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. मुलगा तिथेच झाला. तो झाला तेव्हा पहिला धडा कागदांचा मिळाला. तिथे जन्मलं म्हणून तिथलं नागरिकत्व मिळत नाही. भारतीय आईवडिलांचं मूल भारतीय, पण त्यासाठी वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते. मग पासपोर्ट, मग व्हिसा. आमच्या तिघांचा व्हिसा माझ्या नवऱ्याच्या नोकरीवर होता. ती गेली तर ठरलेल्या मुदतीत सगळ्यांनी घर आवरायचं. मुलं तिथे वाढतात, पण पाहुणी म्हणूनच, हे मला तेव्हा कळलं.

शाळेत इंग्रजी, हिंदी आणि सक्तीची अरबी. मराठी नव्हती. ओळखीचे म्हणायचे, ‘मुसलमानाच्या मुलांना उर्दू शिकवा, मराठी कशाला?’ उलट इमारतीतल्या एक मराठी ताई मला विचारायच्या, ‘तुम्ही मुस्लिम, मग मराठी इतकं चांगलं कसं?’ दोघांनाही मी एकच सांगायचे, मुलांच्या दादीला दुसरी भाषा येत नाही. मराठी गेली तर मुलांची दादी गेली.

पण भाषा नुसती ठरवून येत नाही. उन्हाळ्यात मुलं घरात कोंडलेली, टीव्ही कार्टूनचा, मित्र केरळचे, पाकिस्तानचे, इजिप्तचे. सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणून आमच्या मुलांनी कोकण फक्त पावसात पाहिलं. मुलीला बरीच वर्षं वाटायचं की दादीच्या गावी बारा महिने पाऊसच पडतो.

त्यांना आपली बोली दिली ती चाचानं. नवऱ्याच्या गावचा, नात्यातला, बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारा. कंपनीच्या कॅम्पमध्ये एका खोलीत आठजण. दर शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. येताना मासळी बाजारातून बांगडे आणायचा आणि मुलांना समोर बसवून साफ करायचा. पागोळी, पडवी, गडगा, वहाळ, आठळ्या हे शब्द माझ्या मुलांना शारजात बसून चाचाकडून आले. जिथे पाऊसच नाही तिथे त्यानं पागोळी काय असते ते आंघोळीचा तांब्या तिरका करून दाखवलं.

मुलगी सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. चाचा सुट्टीवर गावी निघाला होता. त्याची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. तिला चपला घ्यायच्या होत्या, पण माप ठाऊक नव्हतं. तो माझ्या मुलीला म्हणाला, ‘पाय दे बघू.’ दोऱ्यानं तिचा तळवा मोजला, गाठ मारली आणि दोरा पाकिटात ठेवला.

रात्री मुलीनं विचारलं, ‘चाचा तिला इथे का आणत नाही?’

मी दमले होते. म्हणाले, ‘त्यानं नीट अभ्यास केला नाही ना, म्हणून. तू कर हं.’

मुलगी गप्प झोपली. मला मात्र झोप येईना. नवव्या इयत्तेत बाप वारला म्हणून चाचाची शाळा सुटली होती, हे मला माहीत होतं. पगार महिना ४००० दिरहॅम, किंवा ३००० आणि राहायची जागा, एवढं असल्याशिवाय कुटुंब आणता येत नाही, हेही माहीत होतं. त्याला त्याच्या निम्माही पगार नव्हता. पण गृहपाठ करून घ्यायला मी एका कष्टकरी माणसाला आळशी ठरवलं होतं.

त्याच जुलैत आम्ही गावी गेलो. चाचाची मुलगी त्या नव्या चपला घालून आमच्या पडवीत आली. टाचेवर सोलवटलेलं. चपला घट्ट होत होत्या, पण ती काढायला तयार नव्हती. माझ्या मुलीनं आपला पाय तिच्या पायाशेजारी ठेवून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘अम्मी, हिचा पाय मोठा आहे. चाचाला माहीतच नव्हतं.’

तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की त्या रात्री मी खोटं बोलले. चाचाची शाळा का सुटली, नियम काय आहे, त्याला किती मिळतं, सगळं सात वर्षांच्या मुलीला समजेल असं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, ‘मग नियम चुकीचा आहे का?’ मी म्हटलं, ‘मला तसंच वाटतं.’

मित्रांनो, परदेशात मुलांना रोज दिसतं की माणसांच्या पायऱ्या लावल्यात. कुणाचा पासपोर्ट कुठला, कुणी बसमधून कामाला जातं, कुणाच्या घरी मोलकरीण आहे. मूल विचारतं, ‘असं का?’ त्या वेळी आपण जे उत्तर देतो तोच त्याचा समतेचा पहिला धडा असतो. आपल्या देशात आपल्याला बरोबरीनं वागवावं असं आपण म्हणतो, संविधानाचा आधार घेतो. मग आपल्याच घरात शुक्रवारी जेवायला येणाऱ्या माणसाविषयी आपण मुलांशी काय बोलतो, तेही तपासायला हवं.

जायचं असेल तर जरूर जा. मात्र सही करण्याआधी पगाराचा आकडा बघा आणि त्यात मूल बरोबर नेता येईल का, हे विचारा. नेता येणार नसेल तर घरी तसं स्पष्ट सांगा. मूल तिथे झालं तर नोंदीची मुदत चुकवू नका. घरात आपली भाषा बोला. आणि गावी मूल ठेवून राबणारा कुणी तुमच्या ओळखीत असेल तर त्याला जेवायला बोलवा.

चाचा अजून तिथेच आहे. आता त्याच्या मुलीचं माप माझी मुलगी पाठवते. दर दोन-तीन महिन्यांनी ती तिच्याकडे जाते, कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवते आणि त्याचा फोटो चाचाला धाडते.