वजनकाटा कोणाच्या हाती?



परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. आढावा सचिवांच्या अहवालात छापलेला आहेच, म्हणून मी एकाच प्रश्नावर बोलतो. मैदानावरची आपली मुलं जेवण का टाळू लागतात, आणि ते आपल्याला इतक्या उशिरा का कळतं?

7 ऑगस्ट 2024 च्या सकाळी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट 100 ग्रॅम जादा वजनाने अपात्र ठरली. आदल्या दिवशी तीन लढती जिंकून ती अंतिम फेरीत पोचली होती. मग रात्रभर वजन उतरवण्याची धडपड, शेवटी केसही कापले. पुढे देशभर चर्चा झाली ती नियमांची, कटाची आणि अपिलाची. टोकियोत 53 किलो गटात खेळलेल्या पैलवानाला 50 किलोत बसवताना शरीरावर काय गुदरतं, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. वजन उतरवणं म्हणजे खाण्याचा विकार नव्हे, आणि विनेशला तसा काही आजार होता असं मी अजिबात सुचवत नाही. पण तालमीतलं पंधरा वर्षांचं पोर हे टीव्हीवर बघतं आणि उपाशी राहणं हाही सरावाचाच भाग, असं धरून चालतं.

त्या पोराला आपल्याच मातीतली एक गोष्ट सांगायला हवी. खाशाबा जाधव 1948 साली लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला ते त्याच्या वरच्या, बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. पदकाचं श्रेय केवळ गटाला देणं भाबडेपणाचं होईल. तरी खालच्या गटात गेल्याशिवाय पदक नाही, हे सरसकट ऐकवणाऱ्यांनी हा दाखला जवळ ठेवावा.

खाण्याच्या विकाराची अडचण अशी की तो शाबासकी घेत येतो. धावणाऱ्या मुलीचं वजन दोन किलोंनी उतरतं, सुरुवातीला टायमिंगही सुधारतं. प्रशिक्षक खूश, घरचे खूश. तिच्या डोक्यात हिशेब पक्का होतो: कमी खाल्लं की जिंकता येतं. पुढचे महिने ती हाच हिशेब पुरा करत राहते.

एका मुलीबद्दल सांगतो; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दहावीत होती, लांब पल्ल्याची धावपटू. नडगी दुखते म्हणून आली. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर दिसलं, वर्षातलं दुसरं. पाळीचं विचारलं तर म्हणाली, ‘ती बंदच आहे सर, बरंच झालं ना.’ आई कौतुकाने सांगत होती, ‘सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळं धरते हो. एवढं तर मीही करत नाही.’ मी विचारलं, खिचडी खाते का? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा यांना ती शिवतच नव्हती. ताकावर दिवस काढायची. नाडी मिनिटाला 44 होती. तिच्या प्रशिक्षकांनी ती वहीत उत्तम फिटनेसचा पुरावा म्हणून लिहून ठेवली होती.

आपल्याकडे उपवासाला कुणी आक्षेप घेत नाही. त्यामुळे घरी सांगायचं होस्टेलवर जेवले, होस्टेलवर सांगायचं आज उपवास आहे, हे महिनोन्‌महिने खपून जातं.

सरावाचा खर्च भागवून शरीराला पुरेशी ऊर्जा उरली नाही, की मेंदूतलं हायपोथॅलॅमस आधी प्रजननाची यंत्रणा मंद करतं. इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. हाडांची बहुतेक भर विशीच्या आतच होते. ती वर्षं हुकली तर पुढे कॅल्शियमच्या गोळ्यांनी ती तूट पूर्ण भरून निघत नाही. उलट्या काढणाऱ्यांत पोटॅशियम घसरून हृदयाचा ठेका बिघडतो. मुलगेही यातून सुटलेले नाहीत: टेस्टोस्टेरॉन उतरतं, जखमा लवकर भरत नाहीत, मूल चिडचिडं होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 साली ‘रेड-एस’ (खेळाडूंतली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) ही संज्ञा पुढे आणली, ती हा मुलग्यांचाही प्रश्न आहे हे ध्यानात घेऊनच.

अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिच 1989 च्या जागतिक स्पर्धेत अनइव्हन बार्सवर चौथी आली होती. त्याच्या आदल्या वर्षी एका परीक्षकाने तिला वजन कमी कर म्हणून सुनावलं होतं. 26 जुलै 1994 ला, वयाच्या 22 व्या वर्षी, ॲनोरेक्सिया या खाण्याच्या विकाराने तिचा बळी घेतला. एका वाक्याने आजार होत नाही, त्यामागे स्वभाव, आनुवंशिकता, घर असं बरंच काही असतं. पण ते वाक्य उच्चारायची गरज नव्हती. 1997 साली अमेरिकेतच महिनाभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन पैलवान वजन उतरवताना दगावले. मग रबरी सूट घालून घाम काढण्यावर बंदी आली आणि शरीरातलं पाणी व चरबी तपासून प्रत्येकाचं किमान वजन ठरवलं जाऊ लागलं. तीन जीव गेल्यावर हे सुचलं, याचं वैषम्य वाटतं. आपल्या कित्येक शालेय स्पर्धांत तेही अजून नाही.

प्रशिक्षकांना एक स्पष्ट सांगतो. ‘सुटलीस की गं’ हे सगळ्यांसमोर म्हणायचं नाही, गमतीतही नाही. संशय आला तर मुलीला बाजूला घेऊन झोप, थकवा, पाळी यांबद्दल विचारा. मुलाला सारख्या होणाऱ्या दुखापतींबद्दल विचारा. रागावून ताट समोर ठेवू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्याने एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीवावर बेतू शकतं. अशा मुलाला डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ अशा तिघांनी मिळून सांभाळावं लागतं. पालकांना वगळून हे उपचार होत नाहीत. किशोरवयात घरच्यांनी शेजारी बसून जेवू घालणं हाच उपचारातला मोठा भाग असतो.

दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. 18 वर्षांखालील खेळाडूचं वजन प्रशिक्षकाने चारचौघांत घेऊ नये. ते डॉक्टर किंवा परिचारिकेने बंद खोलीत घ्यावं. सलग तीन महिने पाळी चुकली तर ती दुखापत समजून तपासणी व्हावी, आणि ती होईपर्यंत सराव कमी करावा. या ठरावाला प्रशिक्षकांनी हात वर करावेत, अशी माझी विनंती आहे. डॉक्टरांची मतं मी गृहीत धरली आहेत.