घुंगरू घरी ठेवल्यावर

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



गॅदरिंगला दरवर्षी नाचणारी ही मुलगी आता दवाखान्यात नाचते, हे ऐकून मघाशी काही जण हसलात. हसा. सुरुवात हसण्यासारखीच झाली होती.

आपल्याच वर्गातली एक मैत्रीण इथल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या आग्रहावरून मी वॉर्डात कथक करायला गेले. पूर्ण पोशाख, दोन्ही पायांत घुंगरू, मोबाईलला स्पीकर जोडून तराणा. दोन खाटांमधल्या फरशीवर चक्कर घेताना सलाईनचा स्टँड हलला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक बाई धावत आल्या. "आमचा पेशंट सिरियस आहे हो," एवढंच म्हणाल्या. मी जागच्या जागी थिजले. कोपऱ्यातल्या खाटेवरून वैजापूरकडच्या एक आजी म्हणाल्या, "अगं माय, लई दमलीस. टेक जरा इथं."

मन रमवायला मी गेले होते आणि समजूत माझीच निघत होती!

आठ दिवस तिकडे फिरकले नाही. मग घुंगरू घरी ठेवून, साध्या कपड्यांत गेले आणि आजींजवळ स्टुलावर बसले. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. मी हळू आवाजात तीनतालाच्या १६ मात्रांची पढंत धरली. 'अभिनयदर्पणा'त एका हाताच्या २८ मुद्रा सांगितल्या आहेत. त्या करायला उभं राहावं लागत नाही. पाची बोटं जुळवून मुकुळ केला आणि एकेक बोट उलगडत अलपद्म. मी म्हणणार होते, कळी आणि कमळ. आजी आधीच म्हणाल्या, "हे तर कापसाचं बोंड फुटलं की!"

त्यांनी डाव्या हातानं बोंड फोडून दाखवलं. मग डाव्यानं उजव्याची बोटं उघडू लागल्या. त्या दिवशी उजव्या हाताची करंगळी तेवढी हलली. मैत्रिणीनं ते लिहून ठेवलं. नाच म्हणजे औषध, असं मी म्हणणार नाही. व्यायाम तिचाच होता, फक्त तो आजींना कंटाळवाणा वाटेनासा झाला.

पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग घेतात, हे मी नंतर वाचलं. अमेरिकेत ब्रुकलिनला मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ मध्ये असेच वर्ग सुरू केले. तिथं रुग्ण नुसते बघत नाहीत, स्वतः नाचतात. माझं चुकलं होतं ते इथंच.

सहलीत पाहिलेलं औरंगाबाद लेण्यांमधलं सातवं लेणं आठवतं? गाभाऱ्यातली ती नर्तकी आणि भोवतीच्या सहा वादक स्त्रिया, सगळ्या किती दाटीवाटीनं! मी मात्र मोठ्या रंगमंचाची सवय घेऊन वॉर्डात शिरले होते.

आजींना सुट्टी मिळाली त्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना त्या बजावून गेल्या, "ह्या पोरीला नाचू देऊ नका बरं. बसवून ठेवा. लई दमती."