भाजलेल्या जखमेवर मध : उपयोग व मर्यादा

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य खडू-फळ्यात गेले. तरीही या विषयावर बोलण्याचे एक कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात चहाचे पातेले कलंडले व एका मुलीचा हात भाजला. शेजारीच पाण्याचा माठ भरलेला होता. परंतु ‘पाण्याने फोड येतात’ असे सांगून मी कोणास पाणी घालू दिले नाही आणि शाईची बाटली त्या हातावर ओतली. दवाखान्यात शाईमुळे जखम दिसेना. ती धुऊन काढताना त्या मुलीने फोडलेल्या किंकाळ्या मी बाहेर बसून ऐकल्या. गुरुजींचा शब्द म्हणून सर्वांनी माझे ऐकले होते, हेच माझे शल्य होय.

आपल्या जिल्ह्यात जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याचा मध घरोघरी येतो, आणि भाजल्यावर तो लावावा असे वडीलधारी माणसे सांगतात. हा समज शाईसारखाच पोकळ आहे काय? तसे नाही. सुश्रुताने अग्निकर्मानंतर त्या जागी मध व तूप लावण्यास सांगितले आहे. आधुनिक काळातील परीक्षा तर आपल्याच महाराष्ट्रात झाली. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या 104 रुग्णांचे दोन समान गट केले. एका गटास मध, दुसऱ्यास सिल्व्हर सल्फाडायझिन हे प्रचलित मलम लावले. मधाच्या गटात 15 दिवसांत 87 टक्के जखमा भरल्या, मलमाच्या गटात 10 टक्के. हे निष्कर्ष 1991 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये प्रसिद्ध झाले.

याचे कारण गूढ नाही. मधात सुमारे 80 टक्के शर्करा असते. ती जखमेतील पाणी ओढून घेते व जंतूंस वाढू देत नाही. मध आम्लधर्मी असतो, आणि त्यातील एका विकर-द्रव्यामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू निर्माण होते. मध तापविल्यास हे द्रव्य नष्ट होते; म्हणून रुग्णालयासाठीचा मध उष्णतेने नव्हे, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. आपल्या बाटलीतील मध तसा नसतो, हे ध्यानात ठेवावे.

आता महत्त्वाची गोष्ट. याच डॉक्टरांनी 1999 साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांत जळालेली कातडी लवकर काढून नवी त्वचा बसविणे हे मधाच्या पट्टीहून श्रेष्ठ ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्याने मधाची थोरवी दाखविली, त्यानेच त्याची सीमाही सांगितली! खरी विद्या ती हीच. त्या दिवशी मजजवळ आत्मविश्वास होता, विद्या नव्हती.

तेव्हा माझी विनंती एवढीच. भाजताच प्रथम बांगड्या-अंगठ्या काढाव्यात व त्या जागेवर 20 मिनिटे साधे गार वाहते पाणी सोडावे. बर्फ लावू नये. शाई, दंतमंजन, हळद काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकावे. जखम तळहाताहून मोठी असेल, चेहरा, हात वा सांधा भाजला असेल, विजेचा धक्का असेल, किंवा रुग्ण लहान मूल वा वृद्ध असेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. मध लावावयाचा तो डॉक्टरांच्या सल्ल्याने, निर्जंतुक केलेला, लहान व वरवरच्या जखमेवर. पाण्याच्या जागी मध नव्हे, आणि रुग्णालयाच्या जागी तर मुळीच नव्हे.

चुलीशी व स्टोव्हशी अधिक संबंध आपल्या भगिनींचा येतो. म्हणून येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाणाबरोबर या चार गोष्टीही घरोघरी पोहोचवाव्यात. एका मुलीचा हात जरी त्यामुळे वाचला, तरी माझे हे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.