'निकामी' म्हणजे किती निकामी?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचे असे ठरले होते. ते पुढचे वक्ते बोलतील. आम्ही एका हाताबद्दल बोलणार आहोत.

खानदेशातल्या एका तालुक्यातला हा कोरडवाहू शेतकरी. पाच एकर रान, त्यात कपाशी, आणि खालच्या भारी पट्टीत दादर. नाव सांगत नाही. तो इथेच बसला आहे आणि लाजतो. २०२४ च्या मार्चात मळणी चालू असताना कणसे आत लोटता लोटता यंत्राने त्याचा उजवा हात ओढला. चार बोटे गेली, अंगठ्याचे बूड तेवढे राहिले.

त्याने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अर्ज केला. या योजनेची जन्मकथा थोडक्यात सांगतो. २०१५ मध्ये तिला हे नाव मिळाले. तेव्हा ती विमा योजना होती. हप्ता सरकार भरायचे आणि दावा मान्य करायचा की नाही ते कंपनी ठरवायची. २०२३ च्या एप्रिलात कंपनी बाजूला काढली आणि 'सानुग्रह अनुदान' असे नाव दिले. अनुग्रह म्हणजे कृपा. घामाचे दाम मागणाऱ्या आम्हा लोकांना हा शब्द टोचतो. पण शब्दावर रुसून घरी बसलो तर पैसे सरकारकडेच राहतात.

रक्कम अशी : मृत्यू झाला तर २ लाख. दोन डोळे किंवा दोन अवयव, अथवा एक डोळा आणि एक अवयव गेला तरी २ लाख. एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाला तर १ लाख. वय १० ते ७५. सातबारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या घरातला नाव नसलेला एक माणूस, दोघेही यात येतात. बायांनो, हे नीट ऐका. वेचणी तुम्ही करता, फवारणीचे पाणी तुम्ही आणता, आणि सातबारावर नाव मात्र दादल्याचे.

आमच्या माणसाला दोन महिन्यांनी एका ओळीचे पत्र आले : 'प्रकरण पात्र ठरत नाही.' का, ते नाही. तो पत्र खिशात घालून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "आते काय करानं, भाऊ?"

आम्ही आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये शुल्क. तालुका समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि फाइलच्या नकला मागितल्या. त्यातून दोन कारणे कळली. एक, अर्ज ३० दिवसांनंतर आला. दोन, 'बोटे गेली आहेत, हात शाबूत आहे, सबब अवयव निकामी नाही.' बैठकीत कोणी तरी तोंडी तिसरे कारणही सांगितले होते म्हणे, की यंत्रात हात घालतोच कशाला, हा निष्काळजीपणा.

तिसऱ्याचे उत्तर सोपे होते. योजनेत काय चालत नाही त्याची यादी आहे : आत्महत्या, मुद्दाम केलेली इजा, नशा, गुन्हा करताना झालेला अपघात वगैरे. घाई त्या यादीत नाही. आणि शेतकी शिकलेले म्हणून आम्ही हेही सांगितले की कणसे लोटायच्या तोंडाची पन्हाळ किमान ९० सेंटीमीटर लांब आणि काही भाग झाकलेली असावी असे मानक आहे. अशा यंत्रांसाठी केंद्राने १९८३ साली वेगळा कायदाही केला. गावागावातल्या यंत्रांची पन्हाळ एकदा दोरीने मोजून पाहा, मग निष्काळजी कोण ते बोलू.

पहिल्याला दवाखान्याचे कार्ड लावले. तो धुळ्याला भरती होता, घरी आला तेव्हा महिना संपत आला होता. पोलिसात तक्रार नव्हती, पण दवाखान्याने पोलिसांना कळवल्याची नोंद होती आणि पोलिस पाटलाचा दाखला मिळाला.

राहिले दुसरे. डॉक्टरच्या पहिल्या दाखल्यावर फक्त 'चार बोटे नाहीत' असे होते. खरेच होते ते. पण हाताला काय येते आणि काय येत नाही ते त्यात नव्हते. आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पुन्हा तपासणी मागितली. खोटे लिहा असे कोणी म्हटले नाही, म्हणूही नये. 'पकड कायमची गेली आहे' हे तपासून लिहा एवढेच म्हटले. टक्केवारीच्या मागे मात्र लागू नका. ४० टक्क्यांची अट अपंगांच्या २०१६ च्या कायद्यातली. ही योजना अवयव निकामी आहे का एवढेच विचारते. टक्केवारीच चुकली असे वाटले तर त्या कायद्याच्या ५९ व्या कलमात त्याचे वेगळे अपील आहे.

तालुक्याच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अपील केले. सुनावणीसाठी आम्ही त्याला दोन पाने पाठ करायला दिली होती. तो आत गेला आणि सगळे विसरला. टेबलावर हात ठेवला आणि म्हणाला, "हाऊ हात मन्हा शे, पन कामना नही." खोली गप्प झाली. साहेबांनी विचारले, सही कुठल्या हाताने करता? तेव्हा आम्ही सोसायटीतून आणलेला जुना पीककर्जाचा कागद पुढे केला. त्यावर त्याची ठसठशीत सही होती. आणि अपिलाच्या अर्जावर डाव्या हाताचा अंगठा. दोन्ही कागद शेजारी ठेवले. आम्हाला वाटते आमच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा तो कागद जास्त बोलला. बोंडातला कापूस बोटांनी निघतो, तळहाताने नाही, हे तेवढे आम्ही शेवटी जोडले. दीड महिन्याने मंजुरी आली, १ लाख.

दुसरे एक प्रकरण आम्ही हरलो, तेही सांगितले पाहिजे. फवारणीत एका बाईच्या डोळ्यात औषध गेले. विषबाधा योजनेत बसते. पण त्या दिवशी घरीच पाण्याने डोळा धुतला, दवाखान्यात गेली आठ दिवसांनी, आणि डब्याचे लेबलही फेकून दिले होते. त्या डोळ्याला आता धूसर दिसते. अपघाताच्या दिवसाचा एकही कागद नाही, म्हणून अपील फेटाळले. तिच्या दाराशी हे सांगायला आम्हीच गेलो होतो.

ज्यांच्या घरी असे नामंजुरीचे पत्र पडले असेल, त्यांनी पुढच्या मेळाव्याला ते घेऊन यावे. पत्र पाकिटासकट आणा. पाकिटावर टपालाचा शिक्का असतो, आणि अपिलाला उशीर झाला असे कोणी म्हटले तर दिवस त्यावरून मोजता येतात.