गुरांचे औषधपाणी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या समारंभात गुरांच्या औषधांवर भाषण, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण पहाटे उठून धार कोण काढते? आंबोण कोण भिजवते? आज म्हैस रवंथ करीत नाही, हे घरात प्रथम कोणाच्या ध्यानात येते? आपल्याच. मात्र तिला कोणती सुई टोचायची आणि पेंडीत कोणती भुकटी मिसळायची, हे बहुधा दुसरेच कोणी ठरवते. मी गुरांची डॉक्टर म्हणून पुष्कळ वर्षे गोठे हिंडले आहे. जिचा हात जनावराला रोज लागतो, तिला या गोष्टींची माहिती असली पाहिजे, एवढे सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

प्रथम हे सांगते की, औषधाला भिण्याचे कारण नाही. नुकती व्यालेली, भरपूर दुधाची गाय एकाएकी खाली बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. याला दुग्धज्वर म्हणतात, जरी त्यात ताप मुळीच नसतो. चिकातून आणि दुधातून अंगातला चुना झपाट्याने निघून गेल्याने असे होते. डॉक्टरांनी वेळेवर शिरेतून कॅल्शियम दिले, तर तीच गाय पुष्कळदा तासाभरात उठून उभी राहते. औषधाने जीव वाचतो तो असा. तेव्हा प्रश्न एवढाच, की कशासाठी, किती आणि कोणाच्या सल्ल्याने.

आता गव्हाणीकडे वळू. गाईम्हशींच्या पहिल्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. कडबा पचवतात ते हेच. म्हणून आपण गाईला चारतो तेव्हा खरे तर या जिवांना चारतो. त्यांच्यामुळेच थोडा युरियासुद्धा गुरांना उपयोगी पडतो, कारण त्यापासून ते प्रथिने तयार करतात. शंभर किलो वाळल्या काडाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडावा, ढीग तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवावा, मग उघडून वास उडून गेल्यावर थोडा थोडा चारावा, ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. पण कोणी सांगितले म्हणून मूठभर युरिया आंबोणात टाकला, तर पोटात अमोनिया एकदम वाढतो, जनावर थरथरते, तोंडाला फेस येतो आणि डॉक्टर येईपर्यंत ते दगावते. लहान वासरांना तर युरिया कधीच देऊ नये.

उसाच्या पट्ट्यात नुसत्या वाढ्यांवर गुरे पोसण्याची रीत आहे. वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते चुन्याला धरून ठेवते आणि तो अंगी लागत नाही. म्हणून तेथे खनिज मिश्रणाला महत्त्व आहे. मोठ्या दुभत्या जनावराला साधारणपणे दिवसाला पन्नास ग्रॅम पुरते. दुप्पट घातल्याने दूध दुप्पट होत नाही.

आणि बुरसलेली पेंड? ‘माणसाला नको, गुरांना चालेल’ असे म्हणू नका. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. शोध घेता शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीचे विष सापडले, तेच अफ्लाटॉक्सिन. गाईच्या यकृतावर त्याचा घाला पडतो, आणि त्याचा एक अंश रूप बदलून दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो जात नाही. पेंड कोरड्या जागी, फळीवर ठेवावी. वास आला की ती टाकून द्यावी.

आता सुईकडे येते. कासेला सूज येते, दुधात गाठी पडतात, त्या रोगाला आपण दगडी म्हणतो. त्यावर प्रतिजैविक औषधे देतात. एका बाईंनी कर्ज काढून म्हैस घेतली होती. दगडी झाली, डॉक्टरांनी पाच दिवसांचे औषध लिहून दिले. दुसऱ्या दिवशी सूज ओसरली, तेव्हा घरच्या मंडळींनी ‘आता कशाला पैसे घालवायचे’ म्हणून औषध थांबवले. तीन आठवड्यांनी रोग उलटला आणि एक सड कायमचा बंद पडला. कर्जाचे हप्ते मात्र चार सडांच्या हिशेबाने चालूच राहिले. अर्धवट औषधाने सारे जंतू मरत नाहीत, चिवट तेवढे उरतात, आणि पुढच्या खेपेला तेच औषध लागू पडत नाही.

प्रतिजैविक दुधातही उतरते. आपल्या घरात त्याची एक खूण आहे. विरजण चांगले असून, ऊबही ठीक असून दही लागत नाही, तेव्हा आपण थंडीला दोष देतो. एकदा विचारून पाहावे, की म्हशीला सुई दिली होती काय? विरजणातले जीव त्या औषधाने मरतात. दही लागले म्हणजे दूध निर्दोष, असे मात्र समजू नये. औषध अल्प असले तर दही लागतेही. म्हणून औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वापरू नये हे लिहिलेले असते. ते लिहिले नसेल, तर आपल्या देशाच्या 2012 च्या नियमाप्रमाणे दुधासाठी निदान सात दिवस धरावे लागतात. ते दूध डेअरीत घालू नये, वासरालाही पाजू नये. नुकसान होते खरे. पण ज्या बाळाच्या वाटीत ते जाईल, त्याला पेनिसिलिन सोसते की नाही, हे आपणांस कोठे ठाऊक आहे?

दुसरी सुई पान्ह्याची, ऑक्सिटोसिनची. हा रस गाईच्या मेंदूच्या तळाशी आपोआप तयार होतो. वासरू ढुशी देते, आपण कास धुतो, तेव्हा तो रक्तात येतो आणि पान्हा सुटतो. रोज सुई टोचली, की शरीराची ही रीत मंदावते आणि सुईवाचून जनावर दूध सोडीत नाही. या दुधाने मुली लवकर वयात येतात, असे भय पसरले आहे. त्याला शास्त्राचा आधार नाही, कारण हा पदार्थ पोटात पचून जातो. अपाय होतो तो मुक्या जनावराला. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने दूध वाढवण्यासाठी अशी अपायकारक सुई टोचणे हा गुन्हा ठरवला आहे.

तिसरी वेदनाशामक औषधांची. डायक्लोफेनॅकने लंगडणारा बैल उभा राहत असे. पण औषध दिल्यावर थोड्याच काळात तो मेला आणि गिधाडांनी तो खाल्ला, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. 2004 साली हे कारण उघडकीस आले आणि 2006 साली भारतात गुरांसाठी ते बंद झाले. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातून एकही उरली नव्हती. कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही 2023 साली गुरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक ठरले आहे, डॉक्टरांकडे तेच मागावे. मात्र तेही आपल्या मनाने देऊ नये. ताप उतरतो, रोग आत तसाच राहतो, आणि वारंवार दिल्यास जनावराच्या पोटात व्रण पडतात.

भगिनींनो, यासाठी फार काही लागत नाही. गोठ्याच्या खुंटीला एक वही टांगा. तारीख, जनावर, आजार, औषधाचे नाव आणि दूध पुन्हा केव्हापासून वापरायचे, एवढे लिहा. दुकानदार ‘ही बाटली न्या, उतार पडेल’ म्हणाला, तर डॉक्टरांची चिठ्ठी आहे काय, असे विचारा. डॉक्टर आले, की पदर सावरून आत जाऊ नका. जनावराने कधीपासून खाणे सोडले, शेण कसे आहे, हे तुम्हीच सांगा, कारण ते तुम्हालाच ठाऊक असते.

आपल्या मंडळाने येत्या वर्षी अशा वह्या छापून घरोघर द्याव्यात, अशी माझी सूचना आहे. खर्च थोडा आहे. चिटणीसबाईंनी ती कार्यकारिणीपुढे ठेवावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.