पथकाचा थोरला भाऊ

दुसऱ्यासाठीं कांहीं करणें याला आपण सेवा म्हणतों. परंतु पुष्कळ करतां येण्यासारखें असूनहि हात आवरून उभें राहावें लागतें, अशीहि एक सेवा आहे. बालवीर पथकाची धुरा स्वेच्छेनें वाहणारा स्काउटमास्तर हीच सेवा करीत असतो, आणि ती दिसते तितकी सोपी नाहीं.

या कामाला वेतन नाहीं. कचेरींत अथवा दुकानांत आठवडाभर राबलेला गृहस्थ आपली सुटी दुसऱ्यांच्या मुलांना देतो. न्यायमूर्ती विव्हियन बोस १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गेले. त्यापूर्वी नागपुरास असतांना बालवीर चळवळीच्या कामांत त्यांनीं कित्येक वर्षें घालविलीं. न्यायासनाची प्रतिष्ठा त्यांच्या आड आली नाहीं.

१९०७ च्या ऑगस्टमध्यें बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारें २० मुलांची छावणी भरविली. त्या मुलांच्या त्यांनीं चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीवर तिच्यांतलाच एक मुलगा नायक नेमला. चळवळीचें मर्म या एका योजनेंत आहे. मोठा मनुष्य सर्व मुलांना स्वतः हांकीत नाहीं. तो टोळीनायकाला तयार करतो आणि टोळीनायक आपल्या सहा-सात सोबत्यांना सांभाळतो. पथकांत मुलें किती असावींत याविषयीं बेडन-पॉवेल यांनीं मिस्किलपणें लिहिलें आहे. आपल्याला स्वतःला १६ मुलांपलीकडे सांभाळतां येत नाहींत. पण इतर मंडळी आपल्या दुप्पट कर्तबगार असतील असें धरून ३२ हा आकडा सुचविला आहे, असें त्यांचें म्हणणें. स्काउटमास्तर हा शाळामास्तर नव्हे, सेनापतीहि नव्हे, तर मुलांचा थोरला भाऊ असावा, ही अपेक्षाहि त्यांचीच.

या थोरल्या भावाची परीक्षा छावणींत होते. तीन दगडांची चूल धुमसत असते. भात खालीं करपतो आणि वर कच्चा राहतो. सरावलेल्या हाताला पांच मिनिटांत सर्व सांवरतां येईल. परंतु त्याच पांच मिनिटांत टोळीनायकाची पत जाते, आणि यापुढें अडचण आली कीं मुलें मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहूं लागतात. म्हणून जाणता स्काउटमास्तर मुलांच्या पंगतीस बसून तोच भात मुकाट्यानें खातो, आणि रात्रीं टोळीनायकांच्या सभेंत एवढेंच विचारतो, “उद्यां काय निराळें करावयाचें?” आभाळ भरून आलें म्हणजे तंबूचे सुती दोर सैल करावे लागतात, भिजले कीं ते आखडतात आणि खुंट्या उपटून निघतात. हें एकदां समजावून सांगावें. पण आयत्या वेळीं दोराला हात मुलांचाच लागला पाहिजे.

मात्र हात आवरणें म्हणजे डोळे मिटणें नव्हे. पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं हें खरें. पण त्या पाण्याची खोली मोठ्या माणसानें आधीं पाहिलेली असावी लागते. ४ ऑगस्ट १९१२ रोजीं लंडनच्या वॉलवर्थ भागांतील बालवीरांची नाव लेझडाउनच्या किनाऱ्याजवळ अकस्मात् आलेल्या वाऱ्यानें उलटली आणि ९ मुलें बुडालीं. मोठीं माणसें नावेंतच होतीं. भात करपला तर एका जेवणावर निभावतें. नदी, कडा आणि वीज यांच्यापुढें मुलाच्या चुकीला क्षमा नाहीं. कोणती चूक होऊं द्यावी आणि कोणती होण्यापूर्वीच अडवावी, हा विवेक या सेवेंत सर्वांत अवघड आहे.

तो उपजत नसतो. १९१९ सालीं लंडनजवळ गिलवेल पार्क येथें स्काउटमास्तरांसाठीं शिक्षणवर्ग सुरू झाला. तेथें प्रौढ माणसेंच टोळ्या करून राहतात, चूल पेटवितात आणि मुलांच्या जागीं उभीं राहून शिकतात. आपल्याकडे १९५० सालीं निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. तिचें राष्ट्रीय शिक्षणकेंद्र पचमढीस आहे. आणखी एक मर्यादा प्रत्येकानें पाळावी. मुलांसोबत एकच मोठा मनुष्य कधीं नसावा, निदान दोघे असावेत. यांत कोणावर अविश्वास नाहीं. आईबापांनीं टाकलेल्या विश्वासाची ती राखण आहे.

ज्या गृहस्थाला हें काम करावेसें वाटतें, त्यानें प्रथम महिनाभर एखाद्या पथकाबरोबर नुसतें हिंडावें आणि आपल्याला गप्प राहतां येतें कीं नाहीं हें पाहावें. कांहीं वर्षांनीं एखादे दिवशीं त्याला मैदानावर पोहोंचावयास उशीर होईल. निशाण चढलेलें असेल, टोळ्या कामाला लागलेल्या असतील, आणि तो आला नाहीं हें कोणाच्या ध्यानांतहि आलेलें नसेल. त्या वेळीं त्याला किंचित् वाईट वाटेल. पण पथक आतां मुलांचें झालें आहे, हेंहि त्यालाच सर्वांत आधीं कळेल.